दोन फुटी टँक, खारपाणपट्ट्यातलं पाणी अन् लाल झिंगे: एका घरचं प्रकरण

प्रकरण माझ्या ताईच्या घरचं. गाव दर्यापूर तालुक्यात, पक्क्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं, घरी कपाशी, तूर, हरभऱ्याची शेती, पोरगा आठवीत. त्याला कुठून तरी दोन बाय एक बाय एक फुटाचा काचेचा टँक मिळाला, जुना पण न गळणारा, अन् मग पठ्ठ्यानं मला यादीच पाठवली. दोन गोल्डफिश, एक फायटर, चार एंजल, दहा निऑन, काच साफ करायला एक सकर, अन् खाली, "मामा, थे लाल झिंगे बी पाह्यजे."

कोणता मासा कोणासोबत राहतो याचे तक्ते मोबाइलवर ढिगानं सापडतात. पण त्या तक्त्यात एक गोष्ट धरूनच चालतात की पाणी ठीक आहे, खोली थंड आहे, लाइन जात नाही. आपल्याकडं हे तिन्ही धरून चालता येत नाही, म्हणून मी त्याला म्हटलं की यादी खालून वाचायची. सगळ्यात नाजूक जीव कोण तर झिंगा, मग झिंग्याला जे पाणी अन् जेवढी गर्मी सोसते ते आधी ठरवू, मग त्याला न खाणारा शेजारी शोधू, अन् त्यातून जे नाव उरेल तेच आणू. गोल्डफिश उरली नाही तर नाही उरली.

दोन बाय एक बाय एकचा टँक म्हणजे कागदावर साधारण ५६ लिटर, पण खाली रेती, वर रिकामी पट्टी सोडली की हाती ४५ लिटरच्या आसपास राहते. हे समजलं की अर्धी यादी आपोआपच गळते. गोल्डफिश वीतभर वाढते अन् घाण इतकी करते की या टँकात तिचं स्वतःचंच पाणी तिला पुरत नाही, वरून झिंगा दिसला की गट्टम. एंजल उंच वाढतो अन् मोठा झाला की निऑनच गिळतो, झिंग्याची तर गोष्टच सोडा. सकर दुकानात दोन इंचाचा 'टँक क्लीनर' म्हणून मिळतो, पुढं फूट-दीड फुटाचा होतो, मग लोक तो नदीत नाहीतर तलावात सोडून देतात अन् तिथल्या मासोळीच्या मुळावर येतो. त्याला मी सरळच नाही म्हटलं. फायटरचं थोडं वेगळं आहे, एखादा फायटर झिंग्यासोबत शांत राहतोही, पण दुसरा पहिल्याच रात्री पाय तोडून खातो अन् आपल्याला कोणता मिळाला हे आणल्यावरच कळते, तेव्हा जुगार खेळायचा असेल तरच.

निऑनवर पोट्टा अडून बसला होता. निऑन अमेझॉनकडचा मासा, मऊ अन् थोडं आंबट पाणी, वीस ते सव्वीस अंशाची थंडाई. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर जाते, म्हणून तोही गळला.

आता पाणी. ताईच्या घरी तीन प्रकारचं पाणी येते अन् सगळा खेळ इथंच आहे. एक बोअरचं, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले मीठ-क्षार मोजणारा) बुडवला तर दोन हजाराच्या वर, जिभेला खारट, साबणाला फेस येत नाही, कपडे पांढरे सोडून पिवळे होतात. दुसरं नळ योजनेचं, धरणाचं गोडं पाणी, मीटरवर अडीचशे-तीनशे, पण रोज येत नाही, आलं की ड्रम, टाकी, हंडे सगळं भरून ठेवायचं. तिसरं आरओची वीस लिटरची कॅन, मीटरवर चाळीसच्या आसपास.

भाऊजींचं म्हणणं, "पाणी त पाणीच असते, मासोयीले काय कळते खारं का गोडं?" बोअर घरचाच आहे, फुकट आहे, म्हणून त्यांना तेच भरायचं होतं. खरं सांगायचं तर नुसता मोली नाहीतर गप्पी ठेवायचा असता तर थोडं बोअरचं पाणी चाललं असतं, ते मासे खारं पाणी सोसतात. पण झिंगा नाही. पोराला वाटलं मंग आरओचं भरू, सगळ्यात शुद्ध. तेही नाही. झिंगा दर काही आठवड्यांनी कात टाकतो, नवीन कवच बनवायला त्याला पाण्यातून कॅल्शियम अन् मॅग्नेशियम लागते, आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतेच, मग कात अर्धी निघते, मानेजवळ पांढरी पट्टी दिसते अन् झिंगा त्यातच मरतो. म्हणून मूळ पाणी नळाचं, अन् आरओची कॅन फक्त कमी झालेलं पाणी भरून काढायला. हे कॅनचं नीट समजून घ्या, कारण उन्हाळ्यात यावरच टँक टिकला. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ-क्षार मागंच राहतात, तुम्ही वरून परत नळाचं टाकत गेले की महिन्याभरात टीडीएस चढत जाते, आरओचं टाकलं तर जागच्या जागी राहते. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं तेव्हा मात्र नळाचंच.

एक सावधगिरी, मीटर फक्त एकूण विरघळलेलं किती ते सांगतो, त्यात कॅल्शियम किती अन् मीठ किती ते सांगत नाही. खारपाणपट्ट्यात आकडा मोठा असला तरी त्यात सोडियमचाच भरणा जास्त, तेव्हा 'टीडीएस आहे म्हणजे कवचाला पुरेल' असं धरू नका, जमलं तर जीएच, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं किट घ्या, सहा ते बारा डिग्री आलं तर चेरी झिंग्याला, म्हणजे पोराच्या त्या लाल झिंग्याला, आणखी काही लागत नाही.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो, पावसाळ्यात हात जरा सैलच असतो. उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं, त्यात एअर पंपाची नळी सोडली की क्लोरीन उडून जाते, घाई असेल तर दुकानातलं क्लोरीन मारणारं हायपो चिमूटभर. इथवर सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते तांब्याचं. ताईच्या सासूबाई पिण्याचं पाणी रात्रभर तांब्याच्या गुंडात ठेवतात अन् त्यांनी मोठ्या मायेनं सांगितलं, "त्यातलंच टाका न बाप्पा, तांब्याचं पाणी त औषध असते." माणसाचं काय ते माणूस पाहील, पण तांबं झिंग्याला विष आहे, अगदी कमी प्रमाणातही. म्हणून तांब्याचा गुंड, तांब्याची लोटी, अन् माशाच्या रोगावरची ज्या औषधात कॉपर लिहिलं असते ती औषधं, हे सगळं या टँकापासून लांब. शेतातली मोरचूद अन् कॉपर ऑक्सिक्लोराइड तर आलीच त्यात.

गर्मी अन् लाइन हा दुसरा भाग. चेरी झिंगा वीस ते सव्वीसमध्ये खुश, अठ्ठावीस चालते, तिसाच्या वर तो सुस्त पडतो अन् मरतुकी सुरू होते. त्यात गरम पाण्यात हवाही कमी विरघळते, वीस अंशाला लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो तर तीस अंशाला साडेसातच, म्हणजे गर्मीत लाइन गेली अन् पंप थांबला की दोन्हीकडून मार. टँक बाहेरच्या छपरीत ठेवायचा ठरला होता, तो आतल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला लावला, जिथं कूलरचा झोत आडवा येतो. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत, झोत पाण्यावरून गेला की वाफ होऊन पाणी तीन-चार अंश सहज उतरते. जुलै लागला की हीच युक्ती निकामी, हवाच ओली असते, पण तेव्हा गर्मीही उतरलेली असते. फिल्टर साधा स्पंजचा घेतला, यात दोन फायदे, बारीक पिल्लं आत ओढली जात नाहीत अन् स्पंजावर जी बुळबुळीत सूक्ष्म जीवांची साय धरते ती झिंगे चरत बसतात. पंप चार्जिंगवाला, लाइन गेली की आपोआप बॅटरीवर चालतो, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मी आग्रहानं घालायला लावले.

आता शेजारी. आधी हे मान्य करा की तोंडात मावेल ते प्रत्येक मासा खातो. मोठ्या झिंग्याला त्रास न देणारे मासे भरपूर आहेत, पण दोन मिलिमीटरचं पिल्लू सोडणारे जवळपास नाहीत, ओटोसिंक्लससारखा शेवाळ चरणारा एखादा सोडला तर, अन् तो तालुक्याच्या गावी कुठं मिळणार, मिळाला तरी गर्मीत टिकणार का. एंबर टेट्रा, बारीक रासबोरा हेही तसेच, नावं छान, दुकानात नाहीत. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला, काटक, पण दिवसभर पळापळ करतो अन् झाकण नसलं की उडी मारून बाहेर. राहिला गप्पी.

गप्पी गावात फुकट होता हे पोराच्या ध्यानातच नव्हतं. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य केंद्रवाले हे मासे हौदात, साचलेल्या पाण्यात सोडत असतात, या गावातही जनावरांच्या हौदात पिढ्यानपिढ्या वाढलेले होते. दुकानातला मोठ्या शेपटीचा रंगीत गप्पी दिसायला भारी, पण पिढ्यानपिढ्या शेपटीसाठीच निवडून काढलेला, हौदातला काळपट-नारिंगी ठिपक्यांचा नर इथलं पाणी, इथला मे महिना पचवून मोठा झालेला. मी हौदातलाच घ्यायला सांगितलं. पोट्ट्याचं तोंड उतरलं, "असे त नालीत बी असते." मग टँकात लाइटखाली पाहिल्यावर म्हणे बरे दिसतात.

घ्यायचे ते फक्त नर. नर ओळखायला सोपा, लहानखुरा, अंगावर रंग, अन् पोटाखालचा पर पंख्यासारखा न राहता काडीसारखा झालेला. मादी मोठी, मळकट, शेपटीकडं पोटावर काळा डाग. काही लोक म्हणतात नुसत्या माद्या घेऊ मग पिल्लं होणार नाहीत, तर तसं नाही, मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते अन् दर चार आठवड्याला पिल्लं टाकत राहते, नर नसला तरी. पाच नर ठरले. हौदातून आणून तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवले, अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी काही दिसते का पाहायला.

मध्येच एक प्रकार झाला. पोराचा दोस्त नाल्यातून चार झिंगे घेऊन आला, "विकत काहून आणता, हे घ्या." पाहायला सारखेच वाटतात, काचेसारखे आरपार. पण नदी-नाल्यातला आपला झिंगा बहुतेक करून मॅक्रोब्रॅकियम जातीचा, त्याच्या पायांची दुसरी जोडी लांब, पुढं आलेली अन् टोकाला चिमटा. हा शिकारी आहे, रात्री झोपलेला गप्पी शेपटीकडून धरतो, चेरी झिंगा तर खातोच. चेरीचे चिमटे इतके बारीक की भिंग लावून पाहावं. दुकानातही 'घोस्ट श्रिंप' म्हणून पुष्कळदा हाच चिमटेवाला देतात, तेव्हा हात बघून घ्या. दोस्ताचे झिंगे ज्या नाल्यातून आले तिथंच परत गेले.

टँक लावून, रेती, मॉसचा गुच्छा, व्हॅलिस्नेरिया ही पाण्यातली झाडं अन् शाळेतल्या देशी बदामाची वाळून आपोआप गळलेली पानं टाकून, पंप चालू ठेवून महिना-सव्वा महिना तो रिकामाच चालवला, रोज चिमूटभर मासोळीचं खाद्य तेवढं टाकायचं. खाद्य सडून अमोनिया होतो, त्याचा नायट्राइट, त्याचा नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात बसायला तेवढा वेळ लागतोच. घरचे सगळे हसत होते, बिनमासोळीच्या पेटीले खाऊ घालून रायला म्हणून.

मग पोळा झाल्यावर अकोल्याहून दहा चेरी झिंगे आणले, सगळे एकाच लाल रंगाचे. दुकानदार लाल, पिवळे, निळे मिसळून स्वस्तात देत होता, ते घेऊ नका, ही सगळी एकाच जातीची रंगरूपं आहेत, आपसात मिसळली की दोन-चार पिढ्यांत पोरं मूळ मातकट रंगावर जातात. क्रिस्टल रेड नावाचा पांढरे-लाल पट्टेवाला झिंगाही होता, तो मऊ, आंबट अन् थंड पाण्याचा, इथं त्याचं कामच नाही. थर्मोकोलच्या डब्यात पिशवी, सकाळची एसटी, घरी आल्यावर मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीनं टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत, दीड-दोन तास. मासा अर्ध्या तासात सोडला तरी निभते, झिंग्याला पाण्याचा अचानक बदल झेपत नाही.

आठवडाभर सगळं झकास. अन् एका संध्याकाळी ताईचा फोन, झिंगे वेड्यासारखे गरगर फिरून रायले, उलटे पडून पाय हलवून रायले. रात्रीपर्यंत आठ गेले. पाचही गप्पी मात्र मजेत, खाद्यावर तुटून पडत होते.

हाच या प्रकरणाचा सगळ्यात कामाचा भाग. अमोनिया चढला असता किंवा क्लोरीन गेलं असतं तर गप्पीनंही वर येऊन तोंड वासलं असतं, कल्ले जोरजोरात हलवले असते. गर्मी म्हणावी तर पाणी सत्तावीसवर. मासे ठणठणीत अन् झिंगेच तेवढे काही तासांत जातात, तेव्हा दोनच संशयित उरतात, तांबं नाहीतर कीटकनाशक. तांब्यानं सहसा हळूहळू, दिवसांच्या हिशोबात एकेक जातो. असं झटके देऊन, गरगर फिरून एकदम जाणं म्हणजे कीटकनाशक. झिंगा अन् किडा दोघंही संधिपाद, मज्जासंस्था सारखीच बांधलेली, मावा-तुडतुडे मारायला बनवलेलं औषध झिंग्याला त्याच मार्गानं मारते, मग मात्रा थेंबाचा हजारावा हिस्सा का असेना.

विचारत गेलो तर सापडलं. दुपारी भाऊजी कपाशीवर फवारणी करून आले, हात नुसते पाण्यानं धुतले, अन् मॉसचा गुच्छा वर तरंगत होता तो प्रेमानं खाली दाबून बसवला. बस. त्यांना वाईट वाटलं, पण पुढं जे म्हणाले ते ऐकण्यासारखं होतं, "एवढुशा औषधानं झिंगे मेले, मंग आपण त दिवसभर त्यातच असतो." त्यानंतर ते फवारणीला रबरी हातमोजे घालतात, ताईनं सांगितलं.

उपाय असे केले. निम्मं-निम्मं करून पाणी दोन दिवसांत जवळपास सगळं बदललं, फिल्टरच्या वाटेत ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी बसवली, मॉस फेकून नवीन आणलं, कारण झाडात औषध मुरलेलं असू शकते. शेताच्या कडेच्या डबक्यातली हायड्रिला आणायची नाही हेही त्याच कारणानं, अन् दुकानातून आणलेलं झाडही आधी आठ-दहा दिवस बादलीत, पाणी बदलत. टँकात हात घालायचा तो एकट्या पोरानं, तोही कोपरापर्यंत साबणानं धुऊन अन् साबण पूर्ण घालवून. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती नाही, लिक्विड मशीन नाही, त्यात पायरेथ्रॉइड गटाचं औषध असते अन् एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो, मच्छरदाणी लावा.

ड्रमचंही पाहिलं. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन साठवणीच्या पाण्यात अळ्या मारायला अबेट टाकून जातात, ते काम त्यांनी करायलाच पाहिजे, पण अबेट म्हणजे टेमेफॉस, तेही कीटकनाशकच, गप्पीला त्या मात्रेत काही होत नाही अन् झिंगा जातो. म्हणून टँकसाठी झाकणाची एक वेगळी बादली ठेवली, नळ आला की थेट त्यातच भरायची.

वाचलेले दोन झिंगे तसेच राहू दिले. महिनाभर ते चरताना दिसले, एकानं कात टाकली, तेव्हा दिवाळीनंतर परत दहा आणले. ती कात सासूबाईंनी मेलेला झिंगा समजून काढायला लावली होती. काढू नका, तेच परत खातात, कॅल्शियम आहे त्यात.

थंडीत रात्री बाहेर दहा-बारापर्यंत उतरते, आतल्या खोलीत पाणी अठरा-एकोणीस, झिंग्याला काही वाटलं नाही, गप्पी मंदावले म्हणून पन्नास वॅटचा हीटर बावीसला लावला. फेब्रुवारीत पहिल्या मादीच्या पोटाखाली अंड्यांचा झुबका दिसला, वीस-पंचवीस असतील, तीन-चार आठवडे ती शेपटीखालच्या पायांनी वारा घालत सांभाळते अन् मग थेट इवलासा झिंगाच बाहेर येतो. गप्पीनं त्यातले बरेच खाल्ले असणार. मॉस दाट असल्यामुळे काही वाचले, अन् खरं तर तेवढंच बरं, नाहीतर पंचेचाळीस लिटरात शंभर झिंगे घेऊन काय करायचं.

मे महिन्यात कूलरच्या झोतात पाणी अठ्ठावीस-एकोणतीसवर थांबलं, एक दिवस दुपारभर लाइन नव्हती तेव्हा एकतीस झालं, पंप बॅटरीवर चालत होता, दोन मोठे झिंगे गेले, गप्पी सगळे राहिले. आरओची अर्धी कॅन दर आठवड्याला वाफेतच जायची. त्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणलं होतं, गरम पाण्यात उरलेलं फार लवकर सडते.

फायटरचा हट्ट काही सुटला नव्हता, तो वीस लिटरच्या वेगळ्या काचेच्या पेटीत आला, एकटाच, झाकण लावून. आता पोट्ट्याला पिवळे झिंगे पाहिजेत. मी सांगितलं पिवळे आणायचे तर फायटरच्या पेटीत जागा नाही अन् लालसोबत सोडायचे नाहीत, तिसरी पेटी ठेवायला भाऊजींना तूच विचार.